मधला आकडा

बैलूरच्या लुमाण्णाची चिठ्ठी आली
दुधाच्या टेम्पोतून, रात्री सव्वादहाला.
टॉवर दुपारपासनंच बंद.
चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती,
पण प्लॅस्टिकलाही भोक असतंय.

एकशे,
आणि शेवटी पूज्य.
मधला आकडा भिजून निळा डाग.

कानडीत तीन, सहा आणि नऊ
सख्खे भाऊ.
फरक काय तो शेपटीचा,
आणि शेपटी पावसानं खाल्लेली.

मुगळी साहेबांनी कागद बॅटरीच्या काचेवर ठेवला,
उलटा करून मागनं बघितला.
"सिद्राय, तू मराठी शाळेतला. तुला काय दिसतंय?"
म्हटलं, साहेब, मराठीत असता
तरी भिजलाच असता की.

एकशेतीस असेल तर गप्प बसायचं.
तळ्याला अजून सव्वादोन फूट पोट आहे, भरू दे,
मे महिन्यात शहापूरच्या नळांना
ह्याच सव्वादोन फुटांचा हिशेब लागतोय.
एकशेनव्वद असेल तर आत्ताच्या आत्ता
दोन दरवाजे, सहा-सहा इंच.
नाहीतर पहाटे तेच पाणी
न विचारता जाणार, सगळं एकदम,
आंबेवाडी, मण्णूर, कंग्राळी,
जिथं चार दिवसांपूर्वी लावलेलं रोप
अजून चिखलाला नीट ओळखतही नाही.

लोकांना वाटतंय, धरण म्हणजे साठवणं.
बारा वर्षांत मी शिकलो ते उलटं.
पाणी काय, कुणीही राखेल.
आषाढात राखायची असते रिकामी जागा.
भरल्या घरात एक खाट
न आलेल्या पाहुण्यासाठी मोकळी ठेवायची,
आणि त्याचा पगार घ्यायचा
पाण्याच्या बिलातनं.

साडेअकराला साहेब बांधावर गेले. मी मागोमाग.
काळोखात तळं दिसत नव्हतं, नुसतं जवळ वाटत होतं.
पायरीवर संध्याकाळी खडूनं ओढलेली माझी रेघ
सापडेना. हात घातला
तर हात मनगटापर्यंत पाण्यात.
"कधी बघितली होतीस?"
"जेवायला बसताना. तेव्हा कोरडी होती."

साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला, परत भिजला.
"आरु," म्हणाले. सहा.
नऊ धरायचा धीर नाही, तीन धरायची छाती नाही,
वर ऑफिस, खाली नदी,
मधल्या माणसानं मधला आकडा धरला.

भोंगा दिला.
काठावर बॅटऱ्या लुकलुकल्या,
कुणीतरी पंप दोर लावून वर ओढत होतं.
शिव्या दोन्ही भाषांतल्या,
तेवढ्या मात्र स्वच्छ ऐकू आल्या.

चाक फिरवलं. अडतीस फेरे, चार इंच.
आधी आवाज येतोय, मग गारवा,
मग पोटात एक खड्डा.
आपण देतोय की टाकतोय,
ते पाण्याच्या आवाजावरनं कळत नाही.

चौथ्या दिवशी रस्ता सुरू झाला, लुमाण्णा स्वतःच आला,
गुडघ्यापर्यंत चिखल, मिशीत तपकीर.
"किती लिहिलं होतंस रे?"
"तीन असणार," म्हणाला. मग थांबला.
"नाही बघा. बाटली भरून सांडली होती त्या रात्री.
सांडलेलं कसं मोजणार?
मी आपला अंदाजानं टाकला."

वहीत मात्र सहा आहे,
ठळक, शेपटीसकट, साहेबांच्या सहीखाली.

मे महिन्यात तळं हातभर कमी पडलं.
मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, ते पाणी गेलं कुठं?
साहेबांनी वही उघडून पान दाखवलं.
मी दाराशी उभा होतो, चहाचा ट्रे घेऊन,
आणि मला आठवत होती कंग्राळीची मावशी.
सुगीत भाताच्या पेंढ्या बांधता बांधता म्हणाली होती,
यंदा पूर आलाच नाही की रे,
मग मध्यरात्री भोंगा कशाला वाजवलास?